दाब, प्रवाह आणि रोध : भाईंदरच्या लोकलगाडीचा विद्युत-इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरीय रेल्वेचा इतिहास प्रामुख्याने मार्ग, स्थानके, कंपन्या आणि प्रवासीसंख्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजेच बी.बी.सी.आय., उत्तरेकडून मुंबईपर्यंत पोहोचली. एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅकबे ही गाडी सुरू झाली. पुढे वाफेच्या इंजिनाची जागा विजेने घेतली. या घटना सर्वज्ञात आहेत. मात्र ही वीज किती दाबाची असावी, हा प्रश्न अभियंत्यांचा मानून इतिहासकाराने सहसा बाजूला ठेवला आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय नेमका हाच प्रश्न आहे. १९२० च्या दशकात निवडलेला १५०० व्होल्ट हा आकडा मुंबईच्या पश्चिम उपनगरी मार्गावर २०१२ पर्यंत टिकला. या सुमारे चौऱ्याऐंशी वर्षांत भाईंदरसारखे मीठ पिकविणारे खाडीकाठचे गाव महानगरपालिकेचे शहर झाले. गाव बदलले, गाडी लांबली, प्रवासी वाढले. तारेतील दाब मात्र तोच राहिला. या न बदललेल्या आकड्याची किंमत कोणी व कशी मोजली, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

हा शोध घेण्यासाठी दहावीच्या विज्ञानात शिकविली जाणारी दोन सूत्रे पुरेशी आहेत. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. ही सूत्रे ऐतिहासिक साधन म्हणून वापरता येतात, किंबहुना ती न वापरल्यास काही ऐतिहासिक निर्णयांचा अर्थच लागत नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१) विद्युतदाब, प्रवाह, रोध व शक्ती यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास थोडक्यात मांडणे.
२) मुंबईच्या पश्चिम उपनगरी रेल्वेतील १५०० व्होल्टच्या निवडीची कारणे व परिणाम गणिताच्या आधारे तपासणे.
३) या विजेसाठी आणि या विजेमुळे समाजाच्या निरनिराळ्या घटकांनी मोजलेल्या किमतीचा विचार करणे.

सूत्रांचा इतिहास

जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकी शिकविणाऱ्या गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एखाद्या वाहकातून जाणारा प्रवाह हा त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात असतो, हा त्यातील सिद्धान्त आज ओहमचा नियम म्हणून ओळखला जातो. प्रारंभी स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कोपली पदक दिले, तेव्हा त्यांच्या कार्याला व्यापक मान्यता मिळाली. त्याच सुमारास इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या विद्युततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट व अँपिअर या एककांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी शक्तीच्या एककाला वॉट हे नाव सुचविण्यात आले.

जूल यांच्या निष्कर्षातील 'वर्ग' हा शब्द पुढील सर्व विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील नुकसान दुप्पट न होता चौपट होते. उलट, तीच शक्ती दुप्पट दाबाने पाठविली तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतील नुकसान एक चतुर्थांशावर येते. वीज दूरवर नेण्याचे संपूर्ण अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

मराठीत या संकल्पनांसाठी रूढ झालेले शब्दही लक्षात घेण्याजोगे आहेत. दाब, प्रवाह आणि रोध हे तिन्ही शब्द पाण्याच्या व्यवहारातून आले आहेत. पाणी उंचावरून दाबाने येते, वाहते आणि अरुंद मार्गात त्याला अडथळा होतो. विजेला पाण्याची उपमा देणे ही जगभरच्या पाठ्यपुस्तकांची जुनी रीत आहे. मुंबईच्या बाबतीत मात्र ती केवळ उपमा नव्हती. या शहराची मोठ्या प्रमाणावरील वीज खरोखरच सह्याद्रीच्या माथ्यावरील पाण्यापासून तयार झाली.

सह्याद्रीचे पाणी आणि मुंबईची वीज

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली. लोणावळा परिसरातील जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोली येथे सोडून वीजनिर्मिती १९१५ मध्ये सुरू झाली. तेथून परळपर्यंतचे सुमारे ७० किलोमीटरचे अंतर ही वीज एक लाख व्होल्टच्या सुमाराच्या दाबाने आणण्यात आली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली.

पाण्यापासून मिळणाऱ्या शक्तीचे गणितही दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराचेच आहे. सेकंदाला एक लिटर पाणी ५०० मीटर उंचीवरून खाली सोडले, तर त्यापासून सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे ४.९ किलोवॉट शक्ती मिळते. सह्याद्रीच्या पश्चिम कड्याची उंची आणि माथ्यावरचा मुसळधार पाऊस हे या योजनांचे खरे भांडवल होते. पाणी थोडे असले तरी उंची मोठी होती.

या भांडवलाची दुसरी बाजू मुळशी खोऱ्यात दिसते. भिरा येथील केंद्रासाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा नीळा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यातील गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे प्रमुख नेते होते. बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यातून मिळाली. तीन वर्षे चाललेला हा लढा धरण थांबवू शकला नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला असून धरणविरोधी आंदोलनांच्या इतिहासात त्याचे स्थान अग्रभागी आहे. रेल्वेच्या विद्युतीकरणाचा विचार करताना हा संदर्भ विसरता येत नाही. तारेत वाया जाणारा प्रत्येक किलोवॉट हा शेवटी कोणाच्या तरी खाचरावर साठविलेल्या पाण्यातून आलेला होता.

१५०० व्होल्टची निवड

मुंबईत पहिली विद्युत उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. भारतातील विद्युत रेल्वेचा हा प्रारंभ होय. बी.बी.सी.आय. रेल्वेने जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण केले. त्यासाठी लागणारी वीज टाटांच्या जलविद्युत व्यवस्थेकडून घेण्यात आली. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विद्युतीकरण होण्यास १९३६ साल उजाडले. याचा अर्थ, भाईंदरला विजेची गाडी बोरिवलीच्या आठ वर्षांनंतर मिळाली.

या सर्व मार्गांसाठी १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह निवडण्यात आला. ब्रिटनमध्ये सर अलेक्झांडर केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने १९२०-२१ च्या सुमारास रेल्वे विद्युतीकरणासाठी हाच दाब प्रमाण मानावा अशी शिफारस केली होती. वसाहतीतील रेल्वे कंपन्यांची यंत्रसामग्री व सल्लागार ब्रिटिश असल्याने तेच प्रमाण येथे येणे स्वाभाविक होते.

तथापि केवळ अनुकरण म्हणून या निवडीकडे पाहणे योग्य होणार नाही. त्या काळी गाडी ओढण्यासाठी सर्वांत भरवशाची मोटर एकदिश प्रवाहावर चालणारी होती. ती मोटर उच्च दाब थेट सहन करू शकत नसे. दोन मोटरी मालिकेत जोडल्या की १५०० व्होल्ट दोघींत विभागले जाऊन प्रत्येकीच्या वाट्याला ७५० व्होल्ट येत. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब कमी करून त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी यंत्रे तेव्हा अवजड होती. ती गाडीत बसविण्याऐवजी रुळांलगतच्या उपकेंद्रांत ठेवणेच व्यवहार्य होते. थोडक्यात, १९२५ च्या तंत्रज्ञानाला १५०० व्होल्ट हे शहाणपणाचे उत्तर होते. प्रश्न त्या उत्तराचा नसून ते किती काळ पुरले याचा आहे.

गाडी सुटताना होणारा अपव्यय

जुन्या लोकलचा स्थानकातून निघतानाचा प्रसंग रोधाच्या गणिताच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. स्थिर मोटरीच्या वेटोळ्यांचा रोध अत्यल्प असतो. तो उदाहरणादाखल ०.१ ओहम मानू. तिला ७५० व्होल्ट थेट दिले तर ७५० भागिले ०.१ म्हणजे ७५०० अँपिअर प्रवाह वाहील आणि मोटर जळून जाईल. मोटर फिरू लागली की तिच्यातच उलट दाब निर्माण होतो व प्रवाह आटोक्यात येतो. परंतु पहिल्या क्षणी हे संरक्षण नसते. म्हणून मंडलात बाहेरून रोध घालावा लागे. १५०० व्होल्टच्या मंडलात प्रवाह ३०० अँपिअरवर ठेवावयाचा असेल तर एकूण रोध १५०० भागिले ३००, म्हणजे ५ ओहम हवा. त्या क्षणी तारेतून घेतलेली शक्ती १५०० गुणिले ३००, म्हणजे ४५० किलोवॉट असते. गाडी अद्याप हललेली नसल्याने ही सर्व शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

गाडी वेग घेऊ लागली की हे रोध टप्प्याटप्प्याने काढले जात आणि मोटरींची जोडणी मालिकेतून समांतर केली जाई. या युक्तीने अपव्यय कमी होई, पण तो टळत नसे. लांब पल्ल्याच्या गाडीला हा प्रसंग क्वचित येतो. धिम्या लोकलला तो प्रत्येक स्थानकावर येतो. उपनगरी वाहतुकीचे स्वरूपच असे आहे की, या पद्धतीचा दोष तेथे सर्वाधिक प्रकर्षाने जाणवावा.

तारेतील घट : एक नमुना-गणित

आता उपकेंद्रापासून गाडीपर्यंतच्या तारेचा विचार करू. पुढील आकडे प्रत्यक्ष मोजमापाचे नसून संबंध स्पष्ट करण्यासाठी घेतलेले नमुन्याचे आकडे आहेत. वेग घेणाऱ्या एका गाडीसाठी उपकेंद्र ३००० किलोवॉट शक्ती बाहेर पाठविते असे मानू. दाब १५०० व्होल्ट असल्यास प्रवाह २००० अँपिअर होतो. गाडी उपकेंद्रापासून ३ किलोमीटरवर असून तार व रूळ मिळून रोध किलोमीटरला ०.०५ ओहम, म्हणजे एकूण ०.१५ ओहम आहे असे धरू.

दाबातील घट : २००० × ०.१५ = ३०० व्होल्ट
गाडीला मिळणारा दाब : १५०० − ३०० = १२०० व्होल्ट
तारेत वाया जाणारी शक्ती : २००० × २००० × ०.१५ = ६०० किलोवॉट
गाडीला मिळणारी शक्ती : १२०० × २००० = २४०० किलोवॉट

पाठविलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा वाटेतच संपला. आधीचे परिमाण वापरावयाचे तर ६०० किलोवॉट म्हणजे ५०० मीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे १२२ लिटर पाणी. आता त्याच जागी दुसरी तशीच गाडी त्याच वेळी वेग घेऊ लागली तर प्रवाह ४००० अँपिअर, दाबातील घट ६०० व्होल्ट आणि नुकसान २४०० किलोवॉट होईल. गाड्या दुप्पट, नुकसान चौपट. प्रत्यक्षात गाडीला दोन्ही बाजूंच्या उपकेंद्रांतून वीज मिळत असल्याने घट यापेक्षा कमी असते. परंतु त्यासाठी उपकेंद्रे दर काही किलोमीटरवर उभारावी लागतात. कमी दाबाची किंमत एकतर नुकसानीत द्यावी लागते, नाहीतर तांबे व उपकेंद्रे यांच्या खर्चात.

हीच ३००० किलोवॉट शक्ती २५,००० व्होल्टने पाठविली तर प्रवाह अवघा १२० अँपिअर होतो. त्यासाठी बारीक तार चालते. रोध तिप्पट, म्हणजे ०.४५ ओहम धरला तरी दाबातील घट ५४ व्होल्ट आणि नुकसान सुमारे ६.५ किलोवॉट इतकेच राहते. रोध समान ठेवल्यास नुकसानीचे प्रमाण सुमारे २७८ पटींनी घटते, कारण दाब १६.६७ पट वाढला आहे आणि नुकसान त्याच्या वर्गाने कमी होते. प्रत्यावर्ती प्रवाहात रोधाव्यतिरिक्त चुंबकीय परिणामांमुळेही घट होते, हे येथे विचारात घेतलेले नाही. तरीही निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

भाईंदर : मार्गाच्या टोकाकडील गाव

चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवरील भाईंदर हे वसई खाडीच्या दक्षिण तीरावरील स्थानक. मिठागरे, उत्तन व चौक परिसरातील मासेमारी आणि शेती यांवर येथील जुने जीवन आधारलेले होते. १९३६ मध्ये येथून विजेची गाडी जाऊ लागली, तेव्हा या तारेवर पुढे किती भार पडणार आहे याची कल्पना येण्याचे कारण नव्हते.

बदल झाला तो प्रामुख्याने १९८० नंतर. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद अस्तित्वात आली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली येथील लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. मुंबईत घर परवडत नाही आणि मुंबईतील नोकरी सोडता येत नाही, अशा मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांचे हे शहर लोकलच्या भरवशावर वसले. ही वाढ विजेच्या गाडीमुळेच झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. जमिनीच्या किमती, गृहबांधणी व रोजगाराचे केंद्रीकरण ही कारणे त्यामागे होती. परंतु या वाढीचा भार मात्र थेट त्या १५०० व्होल्टच्या तारेवर आला.

गाड्यांच्या लांबीवरून हे स्पष्ट होते. पश्चिम रेल्वेवर नऊ डब्यांच्या गाड्यांबरोबर १९८० च्या दशकात बारा डब्यांच्या आणि २००९ मध्ये पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या. दाब तोच असताना डबे नवाचे बारा झाले म्हणजे शक्ती व प्रवाह एक तृतीयांशाने वाढतात. तारेतील नुकसान मात्र सोळा नवमांश, म्हणजे जवळजवळ १.७८ पट होते. नवाचे पंधरा डबे झाल्यास ते २.७८ पट होईल. प्रवाशाला तीन डबे अधिक मिळाले, यात तारेच्या दृष्टीने केवढे ओझे सामावले होते, हे या एका अपूर्णांकातून कळते. गर्दीच्या वेळी गाड्यांची संख्या का वाढविता येत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात रूळ, सिग्नल व फलाट यांच्याबरोबरच तारेतील दाबालाही स्थान होते. बोरिवली ते विरारदरम्यान आणखी दोन मार्गिका २००७ मध्ये पूर्ण झाल्या. मार्गिका वाढल्या म्हणजे एकाच वेळी अधिक गाड्या धावणार आणि त्यांना अधिक वीज लागणार, हे ओघानेच आले.

दीर्घकाळ लांबलेले परिवर्तन

भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धती १९५७ मध्ये स्वीकारली. मद्रास येथील १९३१ मधील १५०० व्होल्टचा उपनगरी मार्ग १९६० च्या दशकात नव्या पद्धतीवर गेला. मुंबई मात्र मागे राहिली. १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेकडील मार्गाचे विद्युतीकरण २५,००० व्होल्टवर झाले. परिणामी एकाच रेल्वेवर दोन युगे शेजारी शेजारी नांदू लागली. ही सीमा ओलांडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने बनवावी लागली. भाईंदर या सीमेच्या अलीकडे, जुन्या दाबाच्या प्रदेशात राहिले.

या विलंबाची कारणे तांत्रिक तशीच व्यवस्थात्मक होती. दाब बदलावयाचा म्हणजे उपकेंद्रे, तारा, विद्युतरोधक, सिग्नल व दूरसंचार यंत्रणा आणि प्रत्येक गाडी बदलावयाची. उच्च दाबाच्या तारेभोवती अधिक मोकळी जागा लागते. जुन्या पुलांखाली ती नव्हती. आणि हे सर्व रोज लाखो प्रवाशांची वाहतूक न थांबविता करावयाचे होते. विद्युत व्यवस्थांचा इतिहास लिहिणाऱ्या थॉमस ह्यूज यांनी मोठ्या तांत्रिक व्यवस्थांना एक प्रकारची गती प्राप्त होते, असे दाखवून दिले आहे. व्यवस्था जितकी यशस्वी, तितका तिचा मूळ निर्णय बदलणे कठीण. मुंबईची लोकल हे त्याचे ठळक उदाहरण मानता येईल.

जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पामुळे या कामाला वेग आला. २००७ पासून दोन्ही दाबांवर चालू शकणाऱ्या नव्या गाड्या येऊ लागल्या. चर्चगेट ते विरार या मार्गाचे परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये संपले. जेथे १९२५ मध्ये आरंभ झाला होता, तेथेच १५०० व्होल्टच्या युगाचा शेवट झाला.

नव्या गाड्यांत दाब कमी करण्याचे व प्रवाहाचे रूपांतर करण्याचे काम उपकेंद्राऐवजी गाडीतच होते. मोटरींचा वेग अर्धवाहक उपकरणांनी नियंत्रित होत असल्याने सुटताना रोध तापविण्याची गरज उरली नाही. शिवाय ब्रेक लावताना मोटर जनित्राप्रमाणे काम करून वीज तारेत परत पाठविते. पूर्वी प्रत्येक स्थानकावर सुटताना आणि थांबताना शक्ती वाया जात असे. आता थांबताना तिचा काही भाग परत मिळतो.

नव्या दाबाचा नवा धोका

या परिवर्तनाचा हिशेब केवळ बचतीचा नाही. गर्दीमुळे लोकलच्या टपावर बसून प्रवास करण्याची घातक प्रथा मुंबईत अनेक वर्षे होती. ओल्या त्वचेच्या मानवी शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर घरातील २३० व्होल्टलाही ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. १५०० व्होल्टला हाच आकडा १.५ अँपिअर होतो. अर्थात जुनी तारही जीवघेणीच होती. पण २५,००० व्होल्टच्या बाबतीत तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही. माणूस तारेच्या फार जवळ गेला तर मधल्या हवेचा रोध मोडून वीज अंगावर झेप घेते. जुन्या तारेच्या सवयीने टपावर चढणाऱ्यासाठी हा फरक अदृश्य होता. तार तशीच दिसत होती. तिच्यातील आकडा बदलला होता. तांत्रिक परिवर्तनाची माहिती सामान्य माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचविणे हा सुरक्षेचाच भाग आहे, हा धडा येथे मिळतो. दाब, प्रवाह व रोध यांचे गणित परीक्षेपुरते उरले की त्याचे परिणाम परीक्षेबाहेर भोगावे लागतात.

घरातील दिवा आणि दूरचे केंद्र

हेच सूत्र घरातही लागू पडते. २३० व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध ५२.९ ओहम होतो. दाब २०० व्होल्टवर उतरला तर तीच इस्त्री सुमारे ७५६ वॉटच देते. दाब तेरा टक्के उतरला, शक्ती चोवीस टक्क्यांनी उतरली. तारेच्या टोकाला राहणाऱ्या ग्राहकाची तक्रार बहुधा याच गुणोत्तरात दडलेली असते.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजेच बी.एस.ई.एस., या कंपनीच्या कार्यक्षेत्रात पुढे मीरा-भाईंदरचाही समावेश झाला. या कंपनीने १९९० च्या दशकात डहाणू येथे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारले. डहाणू हा चिकूच्या बागांचा व आदिवासी वस्तीचा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुका असल्याने या केंद्राबाबत न्यायालयीन लढे झाले. केंद्राची मालकी व नाव पुढे बदलले. परंतु मुळशीत दिसलेली रचना येथेही दिसते. प्रकाश एका ठिकाणी, त्याची झळ दुसऱ्या ठिकाणी. उच्च दाबाने वीज दूरवर नेणे शक्य झाले म्हणूनच हे अंतर शक्य झाले, ही गोष्टही या सूत्रांचाच परिणाम आहे.

निष्कर्ष

१) पश्चिम उपनगरी मार्गावरील १५०० व्होल्टची निवड त्या काळच्या तंत्रज्ञानाशी सुसंगत होती. तथापि वाढत्या भारासमोर तिची मर्यादा प्रवाहाच्या वर्गाने वाढत गेली. ही मर्यादा समजण्यासाठी शक्ती व रोध यांचे प्राथमिक गणित आवश्यक आहे.
२) भाईंदरसारख्या दूरच्या उपनगरांची वाढ आणि विद्युत व्यवस्थेतील परिवर्तन यांत मोठे कालांतर राहिले. शहर १९८० नंतर वेगाने वाढले. तार बदलण्यास २०१२ उजाडले. मधल्या काळाचा ताण प्रवाशांनी सोसला.
३) तारेतील नुकसान ही केवळ तांत्रिक बाब नाही. तिचा संबंध मुळशीतील बुडालेल्या जमिनींपासून डहाणूच्या बागांपर्यंत पोहोचतो.
४) उच्च दाबाने बचत झाली, पण नवा धोकाही निर्माण केला. विज्ञानाचे प्राथमिक ज्ञान हा नागरी सुरक्षेचा प्रश्न आहे.

आपल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान व इतिहास हे विभाग बहुधा एकाच इमारतीच्या दोन टोकांना असतात. एका विभागात विद्यार्थी व्होल्टमापक आणि अँपिअरमापक जोडून रोध काढतो व वही तपासून घेतो. दुसऱ्या विभागात तो मुळशी सत्याग्रहावर टीप लिहितो. या दोन वह्या एकत्र ठेवण्याची संधी त्याला सहसा मिळत नाही. रोज लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच गाडीचे हे गणित करावयास दिले, तर भागाकार व गुणाकाराच्या त्या दोन ओळींत आपल्या शहराचा शंभर वर्षांचा व्यवहार दडलेला आहे, हे त्यांना स्वतः पडताळून पाहता येईल. विद्याशाखांमधील देवाणघेवाणीची चर्चा आपण वारंवार करतो. तिचा आरंभ करण्यासाठी भाईंदर स्थानकावरची तार पुरेशी आहे.